कर्ण्यासमोर सांगितलेले नाव

ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासात १९०२ या वर्षाला विशेष महत्त्व आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात फ्रेड गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तरुण तंत्रज्ञ आपल्या भावासह रोमला गेला आणि व्हॅटिकनमध्ये सिस्टाइन चॅपेलच्या गायकवृंदाचे गायन त्याने मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतले. त्या वृंदात अलेस्सांद्रो मोरेस्की हे गायक होते. बालवयातच शस्त्रक्रिया करून ज्यांचा कंठ कायमचा कोवळा राखला जाई, अशा गायकांच्या दीर्घ परंपरेतील ते अखेरचे प्रसिद्ध नाव. पुढे सात महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, हाच गेसबर्ग कलकत्त्यात होता आणि त्याच्या कर्ण्यासमोर गौहरजान गायला उभी राहिली. एका ठिकाणी स्त्रीचा स्वर हवा होता, परंतु स्त्री नको होती. दुसऱ्या ठिकाणी स्त्री स्वतःच्या स्वराने गात होती, मात्र समाजाच्या लेखी तिला प्रतिष्ठा नव्हती. या दोन ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे आरंभीच्या गायिकांच्या वारशाचा विचार कोठून सुरू करावा हे ध्यानी येते.

मराठी रसिकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या रंगभूमीवरही त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत, आणि बालगंधर्वांच्या रूपाने त्या प्रथेने कलेचे एक शिखर गाठले. चर्चमधील संगीताची गोष्टही फार वेगळी नव्हती. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आदेशपत्र काढले. उपासनेतील गायन हे एक धार्मिक पद आहे आणि ते स्त्रियांना देता येत नाही, म्हणून गायकवृंदात उंच स्वरांसाठी मुलगे घ्यावेत, असा त्यात निर्देश होता. मोरेस्कींची परंपरा त्यामुळे थांबली, हे उचितच झाले. परंतु स्त्रियांसाठी दार उघडले नाही. तो दिवस संत सेसिलियाचा, म्हणजे संगीताची आश्रयदाती मानल्या गेलेल्या एका स्त्रीच्या सणाचा होता, ही गोष्ट मनात राहून जाते. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी वेदीपासून दूर व पुरुषांपासून वेगळे उभे राहून स्त्रियांनी गाण्यास मर्यादित मुभा दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चित्र पालटले. आज आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंद मुख्यतः स्त्रियांच्याच बळावर उभे आहेत. त्यांच्या स्वराला मान्यता मिळण्याचा हा प्रवास ज्या काळात चालला होता, त्याच काळात चर्चच्या आणि घराच्या उंबरठ्याबाहेर काही स्त्रिया तबकडीवर आपला आवाज कोरून ठेवत होत्या.

या नव्या यंत्राकडे प्रथम स्त्रियाच का वळल्या? अनेक थोर उस्तादांना त्याचा विटाळ होता. तासभर उलगडणारा राग तीन मिनिटांत बसवणे त्यांना कलेचा अवमान वाटे. घराण्याची विद्या यंत्राच्या हाती देण्याची भीतीही होती. तवायफ, नायकीण, कलावंतीण अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांना गमावण्यासारखी सामाजिक प्रतिष्ठा नव्हती, आणि गाऊन पोट भरण्याचा अनुभव मात्र होता. गौहरजान जन्माने ख्रिस्ती होती. १८७३ मध्ये आझमगढ येथे आर्मेनियन वंशाच्या कुटुंबात ती जन्मली, तेव्हा तिचे नाव अँजेलिना येवर्ड होते. आईवडिलांचे लग्न मोडले. पुढे आईने इस्लाम स्वीकारला व मलकाजान या नावाने गाण्यात कीर्ती मिळवली. मुलीने १९०२ पासून सुमारे दोन दशकांत दहाहून अधिक भाषांत जवळजवळ सहाशे ध्वनिमुद्रिका दिल्या. १९३० साली म्हैसूर येथे दरबारच्या आश्रयाला असताना तिचा अंत झाला.

गौहरजानच्या तबकड्यांत गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचे नाव मोठ्याने सांगते. यामागचे कारण व्यावहारिक होते. ध्वनिमुद्रणे दाबण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. तेथील कारागिरांना भारतीय भाषा कळत नसल्याने कोणती तबकडी कोणाची हे ओळखता यावे, म्हणून ही उद्घोषणा असे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदा येथे कारखाना निघाल्यावर ही गरज उरली नाही. परंतु आज ऐकताना त्या उद्घोषणेचा अर्थ कारखान्यापुरता राहत नाही. ज्या समाजात स्त्रीचे नाव चारचौघांत घेण्यास संकोच होता, तेथे एक स्त्री आपल्या कलाकृतीच्या अखेरीस आपली सही करते आहे. आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांचे मूल्यमापन करताना समीक्षक राग, लय, तान यांचा हिशोब मांडतात. माझ्या मते त्या हिशोबात हे नावही धरले पाहिजे. स्त्रीचा आवाज स्त्रीच्याच नावाने प्रथम तबकडीने घरोघर पोहोचवला. तिचे ऐतिहासिक कार्य ते हेच.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही असेच घडत होते. दक्षिणेकडील कापसाच्या प्रदेशात, गुलामगिरी संपल्यानंतरच्या पिढ्यांतील कृष्णवर्णीयांनी ‘ब्लूज’ हा गीतप्रकार घडवला. सर्वपरिचित घडणीत याचे कडवे तीन ओळींचे असते. पहिली ओळ दोनदा गायची व तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. विषय बहुधा एकट्या माणसाचे दुःख, आणि त्या दुःखाकडे पाहून केलेली थट्टाही. या परंपरेत तबकडीवर प्रथम आल्या त्याही स्त्रियाच. १० ऑगस्ट १९२० रोजी मॅमी स्मिथने न्यूयॉर्कमध्ये ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. त्याच्या अमाप खपाने कंपन्यांचे डोळे उघडले. १९२३ मध्ये बेसी स्मिथ व मा रेनी यांच्या ध्वनिमुद्रणांना आरंभ झाला. कृष्णवर्णीयांच्या या तबकड्या वंशाच्या नावाने वेगळी यादी करून विकल्या जात. आपल्याकडे जातीने व पेशाने जी भिंत उभी केली, ती तेथे वर्णाने केली होती.

या दोन जगांना जोडणारा एक अगदी साधा धागाही आहे. त्या काळच्या तबकड्या लाखेपासून बनत, आणि जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश भारत होता. छोटा नागपूरच्या पट्ट्यातील आदिवासींनी झाडांवरून खरवडलेली लाख दूरदेशीच्या कारखान्यांत जाई. जगभरच्या गायिकांचे स्वर अशा रीतीने आपल्या मातीतल्या द्रव्यावर कोरले गेले.

बेसी स्मिथचे ‘सेंट लुईस ब्लूज’ हे १४ जानेवारी १९२५ चे ध्वनिमुद्रण मराठी वाचकांनी अवश्य ऐकावे. मायक्रोफोन वापरात येण्यापूर्वीचे, कर्ण्यासमोरचे हे गाणे आहे. लुई आर्मस्ट्राँगचे कॉर्नेट तिच्या प्रत्येक ओळीनंतर प्रतिसाद देते आणि साथीला हार्मोनियम आहे. पेटीच्या साथीवर वाढलेल्या आपल्या कानांना ते सूर परके वाटत नाहीत. बेसी फार थोड्या स्वरांत फिरते. ती एका स्वरावर ठाम उभी राहते, त्याला किंचित खाली वाकवते आणि शब्द स्वच्छ उच्चारते. तंबूतल्या खेळांत यंत्राच्या मदतीवाचून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय असलेल्या गायिकेचा तो जोम आहे. दुःख सांगताना ती दया मागत नाही. या गुणामुळेच तीन मिनिटांत एका आयुष्याचा साक्षात्कार होतो. मा रेनीचा आवाज याहून खडबडीत, मातीला अधिक जवळचा. पॅरामाउंट कंपनीच्या निकृष्ट तबकड्यांवर तो खरखरीआडून येतो, तरी त्याचे वजन कमी होत नाही. १९२८ पर्यंत तिने शंभरेक गीते दिली.

धर्मनिष्ठ मंडळींनी या गीतांना पापी ठरवले होते. तरीही भक्तिगीतांचा एक मोठा प्रवाह येथूनच निघाला, हे आपण ख्रिस्ती वाचकांनी लक्षात घ्यावे. मा रेनीसोबत पियानो वाजवणारा टॉमस डॉर्सी हा एका प्रवचनकाराचा मुलगा. १९३२ साली बाळंतपणात त्याची पत्नी गेली व पाठोपाठ नवजात बाळही गेले. त्या शोकातून त्याने प्रभूने आपला हात धरावा अशी विनवणी करणारे जे स्तोत्र रचले, ते आज जगभर अंत्यविधीच्या वेळी गायले जाते. चर्चबाहेरच्या स्त्रियांना साथ करताना जे स्वर त्याच्या बोटांत उतरले होते, तेच पुढे उपासनेत आले. आरंभी काही चर्चमंडळ्यांनी त्यांनाही नकार दिला होता.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. गोवा आणि महाराष्ट्र यांनी दिलेल्या तीन थोर गायिकांनी तबकडीशी तीन वेगवेगळ्या प्रकारे नाते जोडले, असे दिसते.

पहिल्या हिराबाई बडोदेकर. १९०५ मध्ये मिरजेत जन्मलेल्या, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. हिराबाईंनी तबकडी मनापासून स्वीकारली. ख्याल, नाट्यपद, भावगीत, भजन असे सारे त्यांनी तीन मिनिटांच्या चौकटीत गायले. त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे संयम. पहिल्याच क्षणी स्वर नेमका लागतो आणि गाणे कोठेही घाई करीत नाही. अवकाश कमी आहे म्हणून त्यात तानांची गर्दी करावी, हा मोह त्यांना होत नाही. ज्या मध्यमवर्गीय घरांनी गाणाऱ्या बाईला दिवाणखान्यात बसवले नसते, त्या घरांत हिराबाईंचा आवाज देवघरापर्यंत गेला, आणि त्यामागून घरच्या मुलींना गाणे शिकवण्याची वाटही मोकळी झाली.

दुसऱ्या मोगूबाई कुर्डीकर. १९०४ मध्ये गोव्यातील कुर्डी गावी जन्मलेल्या. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ यांची तालीम त्यांनी अपार कष्टाने मिळवली. त्यांची ध्वनिमुद्रणे थोडी आहेत. त्यांचा वारसा मुख्यतः शिष्यांच्या कंठातून, विशेषतः कन्या किशोरी आमोणकर यांच्या गाण्यातून पुढे आला. त्यांचे कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की तेथील पडक्या भिंती व देवळे काही दिवस दिसतात. जुन्या ध्वनिमुद्रिकांनाही काहीजण असेच अवशेष समजतात. हा दृष्टिकोन मला अपुरा वाटतो. मैफल आता परत येणार नाही हे मान्य. परंतु तबकडीवरचे गाणे हे मैफलीचे मोडके तुकडे नव्हेत. गायिकेने त्या तीन मिनिटांसाठी निवड केली आहे. काय ठेवायचे, काय गाळायचे, कोठे थांबायचे, हे तिने ठरवले आहे. ती निवड हीच तेथील कला, आणि समीक्षकाने तिचे मोजमाप त्या निवडीवरून करावे.

तिसऱ्या केसरबाई केरकर. १८९२ मध्ये गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या व १९२१ पासून अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकलेल्या. १९४८ मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी मिळाली. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. रेडिओपासून त्या दूर राहिल्या आणि तबकड्याही मोजक्याच दिल्या. त्यांचा ‘जात कहाँ हो’ हा भैरवीतील साडेतीन मिनिटांचा ठेवा ऐकताना त्या अविश्वासातील स्वाभिमान उमगतो. भैरवी म्हटली की गायक सहसा मऊ, विनवणीचा स्वर लावतात. केसरबाई तसे करीत नाहीत. त्यांचा आकार भरदार व मोकळा आहे. निघून जाणाऱ्याला विचारलेला प्रश्न त्या ताठ मानेने विचारतात. तेथे बेसी स्मिथची आठवण होते. भाषा वेगळी, राग-तालाची शिस्त वेगळी. परंतु विरहाचे गाणे गाताना लाचार न होण्याचा स्वभाव तोच.

हे साम्य केवळ माझ्या कल्पनेतील नाही, असे म्हणण्यास एक सुंदर आधार आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने सोडली. त्यांवर पृथ्वीचा परिचय देणारी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तीत जगभरचे सत्तावीस संगीततुकडे घेतले. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांच्या शिफारशीने भारतातून एकट्या केसरबाईंचे हेच गाणे निवडले गेले. परंतु तबकडी मिळेना. समितीच्या सदस्या अ‍ॅन ड्रुयन यांना ती अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली सरकवलेल्या खोक्यात सापडली. अंतराळाच्या प्रवासाला निघालेला स्वर तोवर एका खोक्यात पडून होता!

त्या सुवर्ण तबकडीवर केसरबाईंच्या लगेच नंतर येतो तो ब्लाइंड विली जॉन्सन, टेक्सासमधील अंध कृष्णवर्णीय गायक. त्याचे १९२७ चे ते गीत गेथशेमाने बागेतील रात्रीविषयी आहे. ज्या जुन्या स्तोत्रातून ते आले, त्याचे शब्दही तो गात नाही. तो केवळ गुणगुणतो, कण्हतो. ख्रिस्ताच्या त्या रात्रीच्या वेदनेला शब्द पुरे पडत नाहीत, हे त्याने जाणले असावे. पुढे बीथोव्हेन आहे. गोव्याच्या कलावंत समाजातली स्त्री आणि अमेरिकेतील अंध गरीब भक्त असे शेजारी बसून आता आंतरतारकीय अवकाशात पोहोचले आहेत. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले व १६ सप्टेंबर रोजी केसरबाईंनी देह ठेवला.

परंतु गौरवाच्या या कथेने आपली फसगत होऊ देऊ नये. तबकडीने आवाज व नाव राखले. न्याय राखला नाही. बेसी स्मिथला गाण्यामागे ठरावीक रक्कम मिळे, विक्रीतील वाटा नव्हे. तिच्या पहिल्या गाजलेल्या गीताच्या रचनाकार अल्बर्टा हंटर व लव्ही ऑस्टिन याही स्त्रियाच होत्या. १९३७ मध्ये मोटार अपघातात बेसी गेली, आणि १९७० मध्ये गायिका जॅनिस जॉप्लिन व आणखी एका चाहतीने खर्च करीपर्यंत तिच्या थडग्यावर नावाचा दगड नव्हता. जिचे नाव लाखो तबकड्यांवर छापले गेले, तिच्या कबरीवर ते तेहतीस वर्षे नव्हते. तबकड्यांचेही भाग्य फार वेगळे नाही. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा जुन्या तबकड्या मोडीत घालून नव्या घडवल्या गेल्या. आपल्याकडेही किती आवाज भंगारात गेले असतील याची कल्पनाच करावी.

मग ज्यांच्यासमोर कर्णा कधी आलाच नाही, त्या स्त्रियांचे काय? आपल्या पालघर जिल्ह्यात वारली लग्नात भिंतीवर देवचौक लिहिला जात असताना धवलेरी गाते. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. त्या भिंतीवरचे चित्र जगभर गेले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु जे चित्र मुळात सुवासिनींच्या हातचे, त्याच्या सोबत जे गाणे म्हटले जाई, त्या गाण्याच्या एखाद्या धवलेरीचे नाव आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल? चित्र विकत घेऊन घरी टांगता येते. गाणे ऐकण्यासाठी गाणारीपाशी बसावे लागते.

असे बसण्याचे काम महाराष्ट्रात झालेले आहे. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील हजारो ध्वनिमुद्रितही झाल्या. या संग्रहाची थोरवी संख्येत आहे, तशीच ओवीपुढे गाणारीचे व तिच्या गावाचे नाव नोंदवण्यात आहे. ‘लोकगीत’ म्हणून सोडून दिलेल्या रचनेला तेथे कर्ती मिळते.

उमरोळीपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या आपल्या कुटुंबांतही हळदीच्या रात्री, लग्नाच्या मांडवात, मृताच्या घरी रात्र जागवताना गाणाऱ्या वृद्ध स्त्रिया आहेत. कोणाची बोली वारली, कोणाची वाडवळी, कोणाची मांगेली, कोणाची वसईकडची. आता ध्वनिमुद्रणाचे यंत्र घरातल्या प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि लग्नाच्या चित्रफितीवर आपण बराच खर्चही करतो. त्या चित्रफितीत वाजंत्र्यांच्या आवाजाखाली आजीचे गाणे बुडून जाते. ते वेगळे, शांत जागी बसवून नोंदवावे. तिने कोणाकडून ते उचलले हे विचारावे. आणि गाणे संपल्यावर तिला तिचे नाव, माहेर व सासर सांगायला सांगावे. पुष्कळशा आजी प्रथम लाजतील, ‘माझे नाव कशाला’ म्हणतील. तरी आग्रह धरावा. गौहरजानने कारखान्याच्या सोयीसाठी जे केले, ते येथे कृतज्ञतेपोटी करायचे आहे.